पहिल्या सिलिंडरचा वारा

त्या सर्व्हिस मोटरची सरकारी नोंद ‘चोरीस गेली’ अशी आहे. चोर कोण, हे कुणी विचारलं नाही आणि फाइल बंद झाली. सरकारी खात्यांचा हा कारभार मी आयुष्यभर पाहत आलो आणि त्यावर लिहीतही आलो. पण या एका प्रकरणात ती फाइल बंद करणाऱ्या कारकुनाच्या खुर्चीवर मी असतो तर काय लिहिलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून जे पाहिलं ते पाहिलं त्या क्रमानं सांगतो. अर्थ तुम्ही लावा. मला लागलेला नाही.

एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. कार्तिक सरत आला होता. पुण्याच्या एका साप्ताहिकातर्फे मी महाडला आलो होतो. काम साधं होतं. भाद्रपदात महाडहून महाबळेश्वरला जाणारी एक सर्व्हिस मोटर आंबेनळीच्या घाटात मागे गेली आणि कठडा फोडून दरीत पडली. ड्रायव्हर हैबती जागीच मेला. आतले उतारूही गेले. वाचली ती एकटी ठकूबाई, हैबतीचीच आई. ती बाहेर फेकली जाऊन कारवीच्या झुडपात अडकली होती. मोटर खालच्या झाडांनी अडवली म्हणून पुरती चुरा झाली नव्हती. दोर लावून, बैल जुंपून ती वर ओढून काढली होती.

अपघात झाला की दोषी शोधावा लागतो, आणि दोषी शक्यतो गरीब असावा लागतो. मोटरच्या मालकानं तो लगेच शोधून दिला. कुडपण गावचा सयाजी, त्याच्या शेडमधला मेस्त्री. मालकाचं म्हणणं असं की त्या सकाळी सयाजीनं डिस्ट्रिब्यूटर काढून परत बसवला आणि चुकीचा बसवला. त्यामुळे घाटात इंजीन बंद पडलं आणि गाडी मागे घसरली. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे इंजिनाच्या चारी सिलिंडरना पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारं भांडं. ठिणगी योग्य क्षणी पडली पाहिजे. त्यालाच टायमिंग म्हणतात. ते चुकलं तर इंजीन खोकतं, फटके मारतं किंवा चालतच नाही. पोलिसांनी ते भांडं मुद्देमाल म्हणून काढून नेलं आणि सयाजीवर निष्काळजीपणानं माणसं मारल्याचा खटला भरला.

ब्रेकबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी तेवढ्यासाठी आलो होतो.

त्या दिवशी दुपारी मुंबईहून मोटर तपासणीस दिघेसाहेब यायचे होते. त्यांच्यासमोर सयाजीनं डिस्ट्रिब्यूटर बसवायचा. मोटर चालली, तर त्याला काम येतं असं धरून ते आरोप काढून घ्यायची शिफारस करणार. नाही चालली, तर तुरुंग. सयाजीची बायको आणि म्हातारा बाप कुडपणला होते. भात कापून झालं होतं, झोडायचं राहिलं होतं.

सकाळी ठकूबाईला घेऊन मी अपघाताच्या वळणावर जाऊन आलो. कठड्याला बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं आणि त्यात कुणी करवंदीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या. मी तुटक्या दगडांवर हात फिरवला. चुना अजून भुरभुरत होता.

“मोटर बंद पडली होती का, बाई?” मी विचारलं.

“नाय पडली.”

“मालक म्हणतात पडली.”

“मालक व्हता का मोटरीत?”

मला ही बाई आवडली. मी म्हणालो, “मग सांगा काय झालं ते.”

“इंजान चालूच व्हतं. मोठ्यानं चालू व्हतं. आनि मोटर मागं चालली. हैबतीनं बिरेक दाबला, दांडा वडला. मला म्हनला, आये, ही ऐकत नाय गो.”

“मागे घसरली म्हणता?”

“घसरली नाय. चालली. घसरनं मला कळतं. आमी डोंगरातली मानसं.”

मी ते लिहून घेतलं नाही. मुलगा गेलेल्या बाईला त्या क्षणी काय दिसलं आणि काय ऐकू आलं, याचा भरवसा काय, असं मी स्वतःला सांगितलं. चढावर पुढच्या गिअरमध्ये असलेली चालू मोटर मागे चालत नाही. एवढं मला कळत होतं.

घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाहेर, मालकाची पत्र्याची शेड होती. मागे डोंगर इतका सरळ उभा की ऊन तिथून लवकर निघून जाई. आम्ही पोचलो तेव्हा खाली नदीवर उजेड होता आणि शेडमध्ये सावली पडली होती. मोटर मधोमध उभी होती. हूड फाटलेला, पुढचे दिवे फुटलेले, एक मडगार्ड चेपून चाकाला लागलं होतं ते ठोकून वर केलेलं. बाकी लोखंड शाबूत होतं. ठकूबाई आत आली आणि न विचारता मोटरच्या मागे जमिनीवर बसली. ती रोजच तिथं येऊन बसते, असं सयाजी म्हणाला.

सयाजी तिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“भीती वाटते का?” मी हळूच विचारलं.

“कामाची नाय वाटत, साहेब,” तो म्हणाला. “मी कितीदा बसवलाय त्यो. पन त्या दिवशी कसा बसवला व्हता त्ये आता आठवंना झालंय. रोज रातीला एकदा बरोबर बसवतो आनि एकदा चुकीचा.”

दिघेसाहेब वयस्क होते, निवृत्तीला आलेले. जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. आल्याआल्या त्यांनी सांगितलं, “मला आता लांबचं नीट दिसत नाही. इंजीन मी कानानं तपासतो. तेव्हा बडबड कमी करा.” हे त्यांनी मालकाकडे तोंड करून सांगितलं, म्हणून मला बरं वाटलं.

पोलिसाच्या हातून डिस्ट्रिब्यूटर सयाजीकडे आला. आता काम दोघांचं होतं. पहिल्या सिलिंडरचा ठिणगी पाडणारा प्लग काढायचा, एकानं पुढून हॅण्डल सावकाश फिरवायचं, दुसऱ्यानं प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा. पिस्टन हवा दाबत वर आला की भोकातून वारा अंगठ्याला बाहेर ढकलतो. तो वारा आला की ‘बस’ म्हणायचं. ठिणगी द्यायचा क्षण तो. त्या जागी इंजीन थांबवून डिस्ट्रिब्यूटर आत सोडायचा. पिस्टन दुसऱ्या खेपेलाही वर येतो, पण तेव्हा वारा नसतो, जळका धूर बाहेर टाकायला आलेला असतो. तिथं बसवला की सगळं काम उलटं. चूक होते ती इथंच.

हॅण्डल कुणी मारायचं? शेडमधल्या दोघा ड्रायव्हरांना मालकानं हाक मारली. त्यातला कोंडाजी म्हणाला, “शेट, दुसरी कंचीबी गाडी सांगा. हिला हात नाय लावनार.”

“का रे? भूत आहे का तिच्यात?”

“असंल नसंल. आमाला पोरंबाळं हायत.”

मी कोट काढून खुंटीला अडकवला.

मालक हसला. “पेपरवाल्यांना लेखणी चालवायची सवय. इथं मनगट लागतं.”

“तुमच्या गाड्यांचे ब्रेक मी पाहिलेत, शेट. त्यापेक्षा माझं मनगट बरं आहे.”

सयाजीनं मला हॅण्डल कसं धरायचं ते दाखवलं. “अंगठा दांड्याला गुंडाळू नका, साहेब. बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटं मारलं तर मनगट मोडतं.” मग तो बॉनेटच्या बाजूला वाकला, भोकावर अंगठा ठेवला आणि मान हलवली.

मी फिरवू लागलो. हॅण्डल जड होतं, पण फिरत होतं. आत कुठं तरी तेल चिकट आवाज करत होतं. मी ‘बस’ची वाट पाहत होतो. पूर्ण फेरा झाला, दुसरा झाला. सयाजीचा अंगठा भोकावरच होता.

“आला का?”

“नाय…”

“अरे, इतक्यात यायला हवा होता,” दिघेसाहेब म्हणाले.

“येत नाय साहेब,” सयाजी म्हणाला, आणि त्यानं अंगठा काढून त्याच्याकडे पाहिलं. “आत घेतंय.”

“आत घेतं ते हवा ओढताना. त्यानंतर दाबेल.”

“नाय. दाबायच्या वेळंलाच आत घेतंय. वासरू लुचतं तसं.”

मालक मोठ्यानं म्हणाला, “झालं? कळलं मेस्त्रीचं ज्ञान?”

दिघेसाहेब पुढे आले आणि त्यांनी स्वतःचा अंगठा लावला. मी फिरवलं. “हा बघ आला,” ते लगेच म्हणाले. “चांगला दणदणीत आहे. सिलिंडर उत्तम आहे.” सयाजीनं पुन्हा लावला. मी फिरवलं, त्याच वेगानं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

मी हॅण्डल सोडून बाजूला गेलो. सयाजीला फिरवायला सांगितलं आणि माझा अंगठा भोकावर धरला. खरं तर मला त्याची चूक दाखवून त्याला वाचवायचं होतं. पिस्टन वर येताना हाताला कळतो, लोखंडाला एक ताठपणा येतो. तो आला. आणि माझा अंगठा बाहेर ढकलला जाण्याऐवजी आत ओढला गेला. हलकेच, थांबून थांबून. भोकाची कड ओली होती. ती कोमट होती. ते इंजीन भाद्रपदापासून चालू झालेलं नव्हतं.

मी अंगठा काढला आणि धोतराला पुसला. पुसायचं कारण मला सांगता येणार नाही. त्यावर काहीच लागलेलं नव्हतं.

“काय?” दिघेसाहेबांनी विचारलं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलो होतो. एकच पिस्टन एका माणसाला हवा दाबून देतो आणि दुसऱ्याची ओढून घेतो, असं मला भर शेडमध्ये म्हणवेना. मी म्हणालो, “मला नीट समजलं नाही.”

“तुम्हाला समजायची गरज नाही. मेस्त्री, तुझा हात, तुझं काम. तू ठरव.”

सयाजी माझ्याजवळ सरकला. डिस्ट्रिब्यूटर त्याच्या दोन्ही हातांत होता. तो कुजबुजला, “कंचा खरा धरू, साहेब? माजा अंगठा खरा धरला तर एका ठिकानी बसतोय… त्यांचा धरला तर बरोबर उलट.”

“त्यांचा,” मी म्हणालो. “तो पुस्तकाप्रमाणे आहे.”

त्यानं दिघेसाहेबांच्या अंगठ्याप्रमाणे फेरा जुळवला. डिस्ट्रिब्यूटर आत सोडला, थोडा फिरवून ठिणगीच्या टोकांची फट जेमतेम उघडेल तिथं धरला आणि पेच आवळला. झाकण बसवलं, तारा लावल्या, प्लग घट्ट केला. टाकीत बाटलीभर पेट्रोल ओतलं, काठी घालून पाहिली. काठीचं टोक तेवढं ओलं झालं. हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बुरेटर भरून घेतला आणि म्हणाला, “मारा.”

पहिल्याच हॅण्डलला इंजीन चालू झालं.

इतका गोड आवाज मी कुठल्या सर्व्हिस मोटरचा ऐकलेला नाही. खोकला नाही, फटका नाही. दिघेसाहेबांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. मी पुढे, रेडिएटरसमोर उभा होतो. दमलो होतो, आणि चेहऱ्यावर गार वारा येत होता. बरं वाटलं. ओल्या कारवीचा वास होता त्याला. सयाजी सुटला, असं मनात म्हणत मी तसाच उभा राहिलो, आणि मग मला प्रश्न पडला की हा वारा येतो कुठून.

मोटरचा पंखा पुढची हवा रेडिएटरमधून मागे, इंजिनाकडे ओढतो. समोरच्या माणसाला वारा लागत नाही.

मी वाकून पंख्याकडे पाहिलं. पंखा फिरताना दिशा कळत नाही. मागून ठकूबाईचा आवाज आला, अगदी शांत. “सयाजी, धूर कुटं हाय रे?”

आम्ही दोघे मागे गेलो. तिनं लुगड्याचा पदर धुराच्या नळीसमोर धरला होता. पदर उडत नव्हता. तो नळीच्या तोंडात शिरत होता आणि ती तो परत बाहेर ओढत होती. शेडच्या दारातली सागाची वाळकी पानं सरकत सरकत नळीकडे येत होती.

“उलटं चाललंय,” सयाजी म्हणाला.

“उलटं चालेल कसं?” मी म्हणालो. “उलटं चाललं तर धुराच्या वाटेनं हवा आत जाईल, कार्बुरेटरमधून बाहेर येईल. मग पेट्रोल आत कोण ओढणार? काय जळतंय मग?”

“मला नका इचारू.”

ठकूबाई म्हणाली, “त्या दिवशीबी असंच व्हतं. मी सांगत व्हते तवा कुनी आयकलं नाय.”

आता काय करावं? माझा बातमीदाराचा धर्म सांगत होता, दिघेसाहेबांना ओढून आणावं आणि दाखवावं. पण त्यांना हे दाखवलं तर सयाजीचं काय? उलटं चालणारं इंजीन म्हणजे चुकीचं बसवलेलं टायमिंग, असंच कुठलाही तपासणीस म्हणणार. सयाजी माझ्याकडे पाहत होता. मी दिघेसाहेबांना हाक मारली नाही. ठकूबाईनं पदर कमरेला खोचला.

पुढे दिघेसाहेब मालकाला सांगत होते, “काम उत्तम आहे. मी तसं लिहून देतो.”

पण मालक असा सुटू देणारा नव्हता. “सपाटीवर उभी मोटर कुणाचीही चालते, साहेब. ही घाटात बंद पडली होती. घाटात चढवून दाखवू दे. त्या वळणापर्यंत.”

“रास्त आहे,” दिघेसाहेब म्हणाले.

“चला मग, शेट,” मी म्हणालो. “तुम्ही मधल्या बाकावर बसा. तुमचीच मोटर.”

त्याला एकाएकी हिशेबाचं काम आठवलं.

सयाजी चाकाशी बसला, दिघेसाहेब त्याच्या शेजारी, मी मागच्या बाकावर. ठकूबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती माझ्या पुढच्या, ड्रायव्हरच्या पाठच्या जागेवर चढून बसली. “माजी हीच जागा,” एवढंच म्हणाली. सयाजीनं क्षणभर गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि मग तो मागच्या गिअरात टाकला. मला तो स्पष्ट दिसला. उलट्या इंजिनाला उलटा गिअर. क्लच सोडला तशी मोटर पुढे निघाली, अगदी सहज.

“पहिल्यातच चढवणार का सगळा घाट?” दिघेसाहेबांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“व्हय, साहेब. गाडी ठोकर खाल्लेली हाय.”

“शहाणा आहेस.”

घाटात धुकं उतरायला लागलं होतं. दिवस मावळला नव्हता, पण उजेड कुठून येतो ते कळेनासं झालं होतं. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला पांढरी पोकळी. मला पेट्रोलचा वास आला. मागे वळून पाहिलं तर टाकीच्या झाकणाखालून पेट्रोल वाहत होतं आणि रस्त्यावर त्याची काळी रेघ उमटत होती. बाटलीभर ओतलेलं मी स्वतः पाहिलं होतं. ज्या टाकीत काठीचं टोक जेमतेम भिजलं होतं, ती भरून सांडत होती.

मी ते कुणाला सांगितलं नाही. मला नीट विचार करायचा होता आणि तो होत नव्हता. धूर आत जातो आणि पेट्रोल बाहेर येतं. जे जळून गेलं होतं ते परत येतंय, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते लगेच झटकलं. इतक्यात ठकूबाई मागे वळली. तिचा चेहरा असा मी त्या दिवसभरात पाहिला नव्हता. ती जवळजवळ हसत होती.

“मेस्त्रीला सांगा थांबू नको म्हनावं,” ती म्हणाली. “बरूबर चाललीय.”

“कुठे चाललीय, बाई?”

ती पुन्हा समोर पाहू लागली.

वळण आलं. सयाजीनं मोटर कातळाच्या कडेला घेऊन उभी केली, गिअर सोडला आणि हातब्रेक ओढला. इंजीन तसंच गोड चालत होतं. दिघेसाहेब खाली उतरले आणि चाचपडत कठड्यापाशी गेले. त्यांनी त्यावर हात ठेवला. मग काठीनं त्याच्या कडेकडेनं ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

“हीच जागा?”

“हीच,” मी म्हणालो.

“पंचनाम्यात लिहिलंय की गाडी कठडा फोडून गेली. कठडा तर शाबूत आहे.”

मी धावत गेलो. सकाळी ज्या भगदाडापाशी मी उभा होतो तिथं दगड होते. सांधे जुने, चुना घट्ट, वर हिरवं शेवाळ. मी नखानं ते खरवडलं. ते निघेना. करवंदीच्या फांद्या कुठंच नव्हत्या. मी वळणावरचा मैलाचा दगड पाहिला, वरचं उंबराचं झाड पाहिलं. जागा तीच होती.

सयाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. “पडलीच नाय का मंग…” तो पुटपुटला. “का आजून पडायचीय?”

मी वळून मोटरकडे पाहिलं. भाद्रपदातल्या त्या दिवशी ती मोटर इथं आली तेव्हा कठडा असाच असणार. मोटर भरलेली होती. ड्रायव्हरच्या पाठच्या जागेवर ठकूबाई बसली होती, आत्ता बसली होती तशीच.

“मला वाटतं पंचनामाच खोटा आहे,” दिघेसाहेब चिडून म्हणाले. “जागा कुणी नीट पाहिलेली नाही आणि गरीब माणसाला अडकवलं. मेस्त्री, इकडे ये.” त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून तिथंच लिहून दिलं: डिस्ट्रिब्यूटर योग्य बसवला आहे, इंजीन घाटात निर्दोष चालते. सयाजीनं तो दोन्ही हातांनी घेतला. तो सुटला होता. त्याच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्याचं काही नव्हतं.

“आता इंजीन बंद कर.”

सयाजीनं स्विच फिरवला. इंजीन चालूच राहिलं. त्यानं बॉनेट उघडून ठिणगीला वीज देणारी कॉइलची तार उपटली. तार त्याच्या हातात लोंबत राहिली आणि इंजीन चालूच.

“आत काजळी तापली की असं होतं,” दिघेसाहेब म्हणाले. “ठिणगीवाचूनच जळत राहतं. पेट्रोल संपलं की थांबेल. चाकांना दगड लावा. या मोटरला दिवे नाहीत, या धुक्यात ती खाली न्यायची नाही. आपण चालत जाऊ.”

आम्ही दगड लावले. ठकूबाई मोटरमधून उतरली, पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आली. सयाजी आपली पिशवी घ्यायला पुन्हा त्या जागेवर टेकला होता.

“ऊठ रे आता,” ती म्हणाली. “त्याची जागा हाय.”

तो उठला. पिशवी घेऊन बाजूला झाला. ती पुन्हा मागे जाऊन आपल्या जागी बसली.

“बाई, खाली चला,” मी म्हणालो.

“माजी वाडी वरल्या अंगाला हाय. तुमी जावा. सयाजी, कागद भेटला ना तुला? मंग जा की. बायकू वाट बगत असंल.”

मी तिचा हात धरायला पुढे झालो. सयाजीनं माझी बाही पकडली. “नका, साहेब.” त्याची पकड अशी होती की मी थांबलो.

आम्ही तिघे उतरू लागलो. दिघेसाहेब मध्ये, मी आणि सयाजी दोन्ही बाजूंना. धुक्यात इंजिनाचा आवाज मागे मागे राहत गेला, पण पुसला गेला नाही. मग तो एकदम थांबला. पेट्रोल संपलं, असं मी मोठ्यानं म्हणालो. थोड्या वेळानं हॅण्डल मारल्याचा आवाज आला. इंजीन पुन्हा चालू झालं, या वेळी जरा खोकत, जशी सगळ्या सर्व्हिस मोटरी होतात तसं. ते चढाला लागलं.

दिघेसाहेब थबकले आणि मान तिरपी करून ऐकू लागले.

“कोण चालवतंय?” त्यांनी विचारलं.

वर वळणावर गिअर बदलल्याचं ऐकू आलं, खटका न होता.

“हात चांगला आहे,” दिघेसाहेब म्हणाले. “ही वाट ठाऊक आहे त्याला.” ते आणखी काही वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण वर तर एकटी म्हातारीच राहिली आहे. रिकामी गाडी अशी नाही चढत. ती… पुरी भरलेली आहे.”